किरकोळ खर्चाचे खाते

व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या मुलाला अक्षरओळख होण्याआधी वह्यांची ओळख होते. दिवाळीला लाल कापडी बांधणीच्या नव्या वह्या घरात येतात, त्यांच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढले जाते, एका बाजूस 'शुभ' व दुसऱ्या बाजूस 'लाभ' लिहिले जाते, आणि मग वर्षभर हमाली, तोलाई, आडत, उधारी, धर्मादाय असे सगळे व्यवहार ज्याच्या त्याच्या नावाने त्या वह्यांत उतरतात. एकच खाते असे असते की ज्याला स्वतःचे नाव नसते. त्याला 'किरकोळ खर्च' म्हणतात. कोणाच्या वहीत ते 'चहापाणी' असते, कोणाच्या वहीत 'प्रवासखर्च', आणि ज्याचा मुनीम जरा धूर्त त्याच्या वहीत 'गाडीभाडे जादा'. रुपया कोणाला दिला, कशासाठी दिला आणि घेणाऱ्याचा त्यावर हक्क काय, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्या नोंदीत सापडत नाही. पै-पैचा हिशेब राखणाऱ्या आपल्या समाजाने एवढे एक खाते आंधळे ठेवावे, याचे मला फार दिवस नवल वाटत आले आहे.

माझे दुकान डाळजला, पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेला आहे. भुसार आणि पशुखाद्य हा धंदा. भिगवण ओलांडून इंदापूरकडे निघाले की डाव्या हाताला उजनीचे पाणी दिसू लागते, आणि त्या पाण्याच्या काठाने डाळज क्रमांक एक, दोन आणि तीन अशी एकाच नावाची तीन गावे लागतात. १९८० साली उजनी धरण पुरे झाले. या काठावरची जुनी गावठाणे भीमेच्या फुगवट्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरले की आजही माथा वर काढते. या भागातल्या माणसाला सरकारी कार्यालयाचा खरा परिचय झाला तो तेव्हापासून. प्रकल्पग्रस्ताचा दाखला, मोबदल्याचा कागद, बदली जमिनीचा उतारा यांसाठी एका पिढीने हेलपाटे घातले आणि पुढच्या पिढीला एक वाक्य वारशाने दिले: वजन ठेवल्याशिवाय फाईल हलत नाही. आम्ही वजनकाट्यावर पोट भरणारी माणसे. वजन या शब्दाचा हा दुसरा अर्थ आमच्या पदरी असा आला.

बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयातून मी वाणिज्य शाखेची पदवी घेतली. हे महाविद्यालय १९६२ साली आपल्याच समाजाच्या पुढाकाराने, अनेकान्त एज्युकेशन सोसायटीने उभे केले, हे वाचकांना सांगावयास नकोच. त्या शिक्षणाचा दुकानात फारसा उपयोग झाला नाही; उपयोग झाला तो शेजाऱ्यांना. कोणाची नोटीस वाचून दाखव, कोणाचा अर्ज लिहून दे, असे करता करता गेली काही वर्षे शनिवारची दुपार या कामाला राखून ठेवली गेली. महामार्गालगतच्या सव्वीस दुकानदारांचे आमचे एक मंडळ आहे. त्यात हॉटेलवाले आहेत, टायरवाला आहे, वेल्डिंगवाला आहे, उजनीतली मासळी पुण्याला पाठवणाऱ्यांना बर्फ पुरवणारा एक जण आहे. मासळीचा व्यवहार आपल्या मनाला रुचणारा नाही. तरी त्याच्या काट्यावर झालेली अडवणूक आणि माझ्या काट्यावर झालेली अडवणूक एकाच जातीची असते, आणि ती दूर करण्याचा उपायही एकच असतो.

याच तालुक्याच्या दक्षिण टोकाला, नीरेच्या खोऱ्यात, वालचंदनगर वसलेले आहे. सोलापूरच्या आपल्याच समाजात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी माळरानावर साखर कारखाना आणि एक सबंध गाव उभे केले. आपल्या सभासंमेलनांत त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते आणि घ्यावेच. पण डाळजच्या दुकानदाराला त्या नावाचा आधार किती? मोठ्या कारखान्याच्या पदरी वकील असतो, हिशेबतपासनीस असतो, कार्यालयात खेटे घालायला स्वतंत्र माणूस असतो. छोट्या दुकानदाराकडे गल्ल्यावर बसायला, माल उतरवून घ्यायला आणि साहेबांपुढे उभे राहायला एकच माणूस असतो. तो तालुक्याला गेला की दुकान बंद. अडवणूक करणाऱ्याला हे नेमके ठाऊक असते. 'उद्या या' हे दोन शब्द मोठ्या कंपनीला काही करीत नाहीत. लहानाचा मात्र एक दिवसाचा गल्ला त्या दोन शब्दांत जातो. म्हणून लाच ही लहान व्यापाऱ्याच्या बाबतीत बहुधा वेळेची किंमत म्हणून मागितली जाते. कामाचा हक्क त्याचाच असतो, विकला जातो तो त्याचाच वेळ.

माणसे वाईट झाली म्हणून खाबूगिरी वाढली, असे आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण जकात आहे. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना नाक्यावरच्या गाड्यांच्या रांगा आठवत असतील. पोती मोजणे, मालाचे वर्णन बदलणे, पावती अर्ध्याची आणि पैसे पाऊण, या साऱ्याचा एक स्वतंत्र शब्दकोश तयार झाला होता. १९९९ साली महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात उठली. नाके ओस पडले आणि तो शब्दकोश एका रात्रीत निरुपयोगी झाला. त्या रात्री कोणीही अधिक सज्जन झालेले नव्हते. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ पडण्याची जागा तेवढी नाहीशी झाली होती. पुढे महापालिकांत स्थानिक संस्था कर आला, त्याविरुद्ध व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, २०१५ साली बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता तोही गेला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकर तपासणी नाके उठले. २५ मे २०१८ पासून राज्यांतर्गत मालासाठी महाराष्ट्रात ई-वे बिल आले. या करपद्धतीविरुद्ध तक्रार करण्यासारखे पुष्कळ आहे, मीही करतो. पण सीमेवरच्या रांगेत रात्र काढून पहाटे शंभराच्या नोटा मोजणारा गाडीवान आता दिसत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

परंतु सगळे नाके रस्त्यावर नसतात.

माझ्या बहिणीच्या मुलाने पशुखाद्याचा छोटा कारखाना काढायचे ठरवले. आमच्या भागात दुधाचा धंदा मोठा, सरकी पेंड आणि मक्याचा भरडा यांना बारमाही मागणी. बँकेने चौदा लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी मंजूर केले, यंत्रे आली, पत्र्याची शेड उभी राहिली. राहिली होती ती एका कार्यालयाची एक परवानगी. कागद पुरे होते. ते मी स्वतः दोनदा तपासले होते. महिना उलटला तरी काही कळेना. मग कार्यालयाबाहेर टपरीवर बसणाऱ्या एका गृहस्थांनी त्याला आकडा सांगितला: अठरा हजार.

भाचा व्यापाऱ्याचा मुलगा आहे. त्याने माझ्यासमोर कागदावर हिशेब मांडला. "मामा, चौदा लाखांचे महिन्याचे व्याज सव्वाबारा हजार होते. अठरा हजार म्हणजे दीड महिन्याचे व्याज. आज दिले तर आठ दिवसांत काम होते. न दिले तर किती महिने जातील ते तुम्हीच सांगा."

या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला सदाचाराची महती सांगणे हा एक प्रकारचा उद्धटपणाच आहे. मी त्याचा हिशेब पुढे चालवला. हे अठरा हजार वहीत कोठे लिहिणार? तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १९९८ साली घातलेल्या स्पष्टीकरणानुसार, जे कृत्य कायद्याने गुन्हा आहे त्यासाठी केलेला खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळत नव्हता. शिवाय एका दिवसात एका माणसाला दहा हजारांहून अधिक रोख दिली की तीही बहुधा नामंजूर. म्हणजे कोणाच्या तरी नावाची खोटी हमाली किंवा खोटे गाडीभाडे दाखवावे लागणार. मग पुढच्या वर्षी दुसऱ्या कार्यालयाचा माणूस वही उघडील, त्या खोट्या नोंदीवर बोट ठेवील, आणि त्याचा आकडा वेगळा असेल. पहिली लाच हीच दुसऱ्या लाचेची जमानत होते. आणि टपरीवरच्या गृहस्थांच्या वहीत, म्हणजे त्यांच्या स्मरणात, तुझ्या नावापुढे कायमचे लिहिले जाईल: हा देतो.

त्याने दोन दिवस विचार केला आणि 'देत नाही' असे सांगितले. त्याच्या वडिलांना ते मुळीच आवडले नाही. भावजींनी मला फोनवर एवढेच विचारले, "व्याज तुम्ही भरणार का?" त्यानंतर बरेच महिने त्यांनी माझ्याशी अवाक्षर काढले नाही.

पुढे जे केले ते दिसायला अगदीच नीरस होते. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. अधिसूचित केलेली प्रत्येक सेवा किती दिवसांत द्यायची, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण आणि त्याच्यावरचा अपील अधिकारी कोण, हे कार्यालयाने फलकावर लावायचे असते. अर्जाची तारखेसह पोच द्यावी लागते, आणि अर्ज फेटाळायचा असेल तर कारण लेखी द्यावे लागते. मुदत टळली की पहिले अपील, मग दुसरे, आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे. कसूर ठरलेल्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. दंड फार मोठा नाही. पण ज्याला कागदावर काहीच उमटू द्यायचे नसते, त्याला पाचशे रुपयांपेक्षा त्या आदेशातल्या दोन ओळींचे भय अधिक वाटते, असा माझा अनुभव आहे.

आम्ही अर्ज नव्याने दिला आणि पोच घेतली. 'कागद अपुरे आहेत' असे तोंडी सांगण्यात आले. आम्ही त्रुटीपत्र लेखी मागितले. ते आले नाही. दहा रुपयांचा शिक्का लावून माहितीच्या अधिकारात एक अर्ज दिला: आमच्या अर्जावर कोणत्या तारखेस कोणत्या टेबलावर काय कार्यवाही झाली, ते कळवावे. त्याला उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते. मुदत संपण्याआधी त्रुटीपत्र आले, आणि त्यात मागितलेला कागद मूळ अर्जातच जोडलेला होता. ते पान क्रमांकासह दाखवून दिले, पहिले अपील केले, आणि पहिल्या अर्जापासून सत्त्याण्णवाव्या दिवशी परवानगी हातात पडली.

आता हिशेब. नियमाने तीस दिवस तसेही लागणारच होते. वरच्या सदुसष्ट दिवसांचे व्याज सुमारे सत्तावीस हजार झाले. म्हणजे अठरा हजार न देण्यासाठी सत्तावीस हजार लागले. नऊ हजार रुपये अंगावर आले, आणि आम्ही घातलेल्या हेलपाट्यांची मजुरी त्यात धरलेली नाही. 'प्रामाणिकपणा अखेर फायद्याचाच ठरतो' असे जे लिहिले जाते, ते मी लिहिणार नाही. पहिल्या वर्षी तो तोट्याचाही ठरतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला भाचा गेला तेव्हा कोणी आकडा काढला नाही. तेथले साहेब दरम्यान बदलले होते, तेव्हा सारे श्रेय आमच्या कागदांना देणे योग्य होणार नाही. पण वह्या स्वच्छ राहिल्या, आणि कर्जाची मर्यादा वाढवून मागताना बँकेच्या तपासनिसाने त्या वह्या अर्ध्या तासात मिटल्या. ते अर्ध्या तासाचे मोल नऊ हजारांत कसे बसवायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

या सुमारास एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपल्या व्यापारी बांधवांना लाचेविषयीचा कायदा जुनाच ठाऊक आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाऱ्याला मोकळीक मिळण्याची एक वाट होती: खटल्यात त्याने लाच दिल्याचे निवेदन केले तर त्या निवेदनावरून त्याच्यावर खटला होत नसे. २०१८ च्या जुलैत ही दुरुस्ती झाली आणि ते कलम गेले. आता कलम ८ प्रमाणे लाच देणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. मात्र त्याच कलमात दोन दारे ठेवलेली आहेत, आणि ती प्रत्येक दुकानदाराला तोंडपाठ असावीत असे मला वाटते. ज्याला लाच देणे भाग पाडले गेले, त्याने दिल्या दिवसापासून सात दिवसांच्या आत पोलीस वा तपास यंत्रणेला कळवले, तर तो गुन्हेगार ठरत नाही. आणि ज्याने आधी यंत्रणेला कळवून, तिला साहाय्य म्हणून पैसे दिले, तोही नाही. आठव्या दिवशी ही कड बदलते. मुकाट्याने देऊन गप्प बसणारा माणूस स्वतःला पीडित समजत असतो; कायदा मात्र त्याला भागीदार समजतो.

भागीदार हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. कलम ९ आणि १० मध्ये 'व्यापारी संस्था' म्हणून जी व्याख्या आहे तीत मोठ्या कंपनीबरोबर आपल्यासारखी भावाभावांची भागीदारी पेढीही येते. पेढीच्या वतीने एखाद्या एजंटाने किंवा नोकराने लाच दिली तर पेढीवर दंडाची वेळ येऊ शकते, आणि ती भागीदाराच्या संमतीने वा संगनमताने दिली असे सिद्ध झाले तर त्या भागीदाराला किमान तीन वर्षे. 'ते सगळे आमचे एजंट बघतात, आम्हाला काही माहीत नाही' हे वाक्य मी आपल्या कित्येक प्रतिष्ठित घरांतून ऐकले आहे. त्या वाक्याने पूर्वी अब्रू राखली जात असेल. आज ते निष्काळजीपणाचे आहे. एजंटाला दिलेली फी किती, शासकीय शुल्क किती आणि त्याची पावती कोठे, एवढे तीन आकडे वेगळे मागून घेतले तरी निम्मे काम होते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे जे लहान कारखानदार आहेत, त्यांना हे अधिक जाणवू लागले आहे, कारण परदेशी ग्राहक हल्ली सचोटीचे हमीपत्र लिहून घेतात. लाचप्रतिबंधक व्यवस्थेसाठी २०१६ पासून आयएसओ ३७००१ असे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. सव्वीस दुकानांच्या मंडळाला ते मानक झेपणारे नाही; आमचे मानक दोनशे पानी वही आहे.

त्या वहीचा प्रकार असा. तपासणीला कोणी आले की त्यांचे नाव, हुद्दा, कार्यालय आणि वेळ लिहायची. नम्रपणे ओळखपत्र आणि अधिकारपत्र विचारायचे. केंद्रीय जीएसटी विभागाच्या पत्रावर २०१९ च्या नोव्हेंबरपासून दस्तऐवज ओळख क्रमांक असावा लागतो, तो संकेतस्थळावर पडताळता येतो, हे आम्ही सगळ्यांना शिकवले आहे. पाहुण्याला पाणी द्यावे, चहाही द्यावा. चहापाणी देऊ नये. आणि मंडळाला एक फोन करायचा, की शेजारचे दोघे येऊन शांतपणे बाकावर बसतात. काही बोलत नाहीत, वाद घालत नाहीत, नुसते बसतात. अडवणुकीला एकांत लागतो. तिसरा माणूस बाकावर असला की अवघड शब्द ओठांवर येत नाहीत. कार्यालयात जातानाही एकट्याने जायचे नाही, असा नियम आहे. ज्याचे काम आहे त्याने बोलायचे आणि सोबत्याने तारीख लिहायची. सोबत्याच्या दुकानावर त्या दिवशी बसायला तिसरा कोणी लागतो, आणि मंडळ चालवण्यात खरी दमछाक याचीच आहे. सव्वीस जणांतले सहा-सात जणच दर वेळी पुढे येतात.

एक नियम मात्र आम्ही कठोरपणे पाळतो, आणि त्याने एक सभासद गमावला. मंडळ अडवणुकीविरुद्ध उभे राहील. स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठी राहणार नाही. त्या गृहस्थांनी परवानगीपेक्षा एक मजला अधिक चढवला होता आणि 'साहेब पैसे मागतात' म्हणून ते आमच्याकडे आले होते. साहेब पैसे मागत होते हे खरे असेल. पण मजलाही खरा होता. कौशिक बसू हे भारत सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना, २०११ साली, त्यांनी एक सूचना मांडून मोठी खळबळ उडवून दिली होती. हक्काच्या कामासाठी जी लाच उकळली जाते ती देणाऱ्याला कायद्याने मोकळे सोडावे, आणि घेणाऱ्यालाच दंड करावा, म्हणजे देणारा निर्भयपणे तक्रार करील, असे त्यांचे म्हणणे. लाच देणे निर्दोष ठरवता काय, असा पुष्कळ गदारोळ झाला. त्यांचा उपाय मला पूर्णपणे पटलेला नाही, पण हक्काच्या कामाची लाच आणि गैरलाभाची लाच यांत त्यांनी केलेला भेद मला दुकानाच्या ओट्यावर बसून रोज दिसतो. दुसऱ्या प्रकारात देणारा आणि घेणारा एकाच बाजूला असतात. बाकावर बसलेले दोन शेजारी तेथे काय करणार?

यासाठी आधी आपले घर झाडावे लागते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीला प्रवृत्त करणे आणि चोरीचा माल घेणे यांच्याच पंक्तीला खोटी मापे, भेसळ आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन बसवलेले आहे. प्रवचनात आपण हे ऐकतो आणि चोर म्हणजे कोणी दुसरा, असे समजून उठतो. तो ग्रंथ लिहिणाऱ्याला व्यापारी चांगला ठाऊक असला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यायची असते. आमच्या मंडळाने पहिल्या वर्षी सगळ्यांचे काटे तपासून पाहिले तेव्हा नऊ काट्यांची मुदत टळून गेली होती. त्या नऊ जणांकडे आलेल्या निरीक्षकाला काही मागण्याचीही गरज नव्हती. काटा त्याच्या वतीने बोलत होता. आता फाल्गुनात एकच दिवस ठरवून सगळे काटे एकदम पडताळून घेतले जातात. कच्च्या चिठ्ठीवर माल देण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, आणि त्यावर मंडळात दर बैठकीला आवाज चढतात. बिल मागितले की गिऱ्हाईक शेजारी जाते, असे म्हणणारे चूक बोलत नाहीत.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे का जात नाही, असे तरुण मंडळी विचारतात. त्यांचा १०६४ हा निःशुल्क क्रमांक आमच्या प्रत्येक दुकानात गल्ल्याच्या आतल्या बाजूस चिकटवलेला आहे. भाच्याने तो वापरला नाही. टपरीवरच्या मध्यस्थावरही २०१८ च्या दुरुस्तीतल्या कलम ७अ प्रमाणे गुन्हा दाखल होऊ शकतो, हे त्याला सांगितले होते. तो म्हणाला, "मला कारखाना चालवायचा आहे मामा, साक्षीदार व्हायचे नाही." हे उत्तर मला भ्याडपणाचे वाटले नाही. मंडळातील दुसऱ्या एका गृहस्थांनी मात्र पुणे गाठून तक्रार दिली. तक्रार घेतल्यावर आधी पडताळणी होते: ध्वनिमुद्रक बरोबर देऊन, सरकारी पंचासमक्ष, मागणी खरोखर होते का ते पाहतात. मग ज्या नोटा द्यायच्या त्यांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून त्यांना अँथ्रासीनची भुकटी लावतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, अतिनील दिव्याखाली घेणाऱ्याची बोटे चमकतात. आमच्या गृहस्थांची मजल तेथपर्यंत गेलीच नाही. समोरच्याला कसला तरी संशय आला आणि ध्वनिमुद्रणात तो केवळ पावसापाण्याचे बोलला. सापळा झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचे काम मात्र झाले.

वर्षानुवर्षे न्यायालयात खेपा घालाव्या लागतील, ही भीती खरी आहे. मध्येच तक्रारदार फिरला किंवा वारला तर सारे वाया जाते, असा एक समज होता. १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणात स्पष्ट केले की, तक्रारदार फिरला, वारला किंवा साक्षीला आला नाही, तरी मागणी आणि स्वीकार हे परिस्थितिजन्य पुराव्यावरूनही सिद्ध करता येतात. याने तक्रारदाराचा भार थोडा हलका झाला. थोडाच. २०१० च्या जानेवारीत तळेगाव दाभाडे येथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची हत्या झाली, ती आपल्याच जिल्ह्यात. त्यांनी हात घातला होता तो जमिनीच्या मोठ्या व्यवहारांत. आमच्या परवानग्यांशी त्याची तुलना नाही. तरीही घरातली बायकामाणसे ते नाव विसरत नाहीत, आणि शनिवारी मी कागद घेऊन बसलो की स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज जरा मोठा येतो.

तामिळनाडूतील 'फिफ्थ पिलर' या संस्थेने २००७ च्या सुमारास शून्य रुपयाची नोट छापली होती. लाच मागितली की ही नोट हातावर ठेवायची. आमच्या टायरवाल्याला ही कल्पना इतकी आवडली की तशा पन्नास नोटा छापून आणायला तो निघाला होता. मी त्याला थांबवले. डाळजसारख्या गावात साहेबाची चेष्टा करून पुन्हा त्याच साहेबापुढे उभे राहावे लागते. शहरातला नागरिक तेवढ्यापुरता भेटतो आणि गर्दीत मिसळतो. आमच्याकडे तोंडओळख आयुष्यभराची असते, आणि ती राखून 'नाही' म्हणावे लागते. आमच्या वहीत म्हणूनच कोठेही विशेषणे नाहीत. तारीख, नाव, काय मागितले, काय उत्तर दिले. दोन प्रामाणिक अधिकाऱ्यांची नावेही तिच्यात आहेत, आणि त्यांची बदली झाली तेव्हा मंडळाने त्यांच्या वरिष्ठांना आभाराचे पत्र पाठवले होते. तशी पत्रे फारशी जात नसावीत. एकाचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले.

दिवाळीच्या मिठाईचा मुद्दा अजून धसास लागलेला नाही. कार्यालयातून काजू-बदामाचे डबे वाटण्याची रीत जुनी आहे आणि 'यात काय लाच' असे विचारणारे वडीलधारे आहेत. कायद्याच्या भाषेत हक्काच्या वेतनावाचून मिळणारी कोणतीही गोष्ट गैरवाजवी लाभात येऊ शकते, हे त्यांना सांगितले तर ते दुखावतात. गेल्या दोन वर्षांपासून काही दुकानांचे डबे पांजरपोळातल्या गुराख्यांकडे आणि शाळेतल्या मुलांकडे जाऊ लागले आहेत. बाकीच्यांचे पूर्वीसारखेच जातात.

सध्या वहीत तीन प्रकरणे चालू आहेत. त्यांतले एक पापड-कुरडयांचा धंदा करणाऱ्या एका विधवा भगिनीचे आहे. घरातल्या चार खोल्यांपैकी दोन खोल्यांत सात बायका काम करतात, आणि एका दाखल्यावाचून पुण्याच्या मोठ्या दुकानाची ऑर्डर अडून राहिली आहे. त्यांना सांगितलेला आकडा सात हजारांचा आहे. मुदत टळून अठरा दिवस झाले, पहिले अपील दाखल झाले, आणि सुनावणी येत्या मंगळवारी अकरा वाजता आहे. त्यांच्याबरोबर बसमधून जाण्यासाठी टायरवाल्याची पत्नी तयार झाली आहे. त्या दिवशी टायरच्या दुकानावर कोणी बसायचे, ते शनिवारी ठरेल.